वर्ग आणि अंजुमन

मराठी मुसलमानांच्या शिक्षणाचा इतिहास लिहिताना आपण बहुधा शाळा मोजतो, वसतिगृहे मोजतो, पदवीधरांची संख्या मांडतो. कोणती विद्या आपल्या घरात आली आणि कोणती उंबरठ्यावरून परत गेली, याचा हिशेब मात्र क्वचितच मांडला जातो. अशी परत गेलेली एक विद्या म्हणजे संज्ञापन. एका समाजाची किंवा एका देशाची गोष्ट दुसऱ्यापर्यंत कशी पोहोचते, ती कोण सांगतो, वाटेत तिचे काय होते, याचा हा अभ्यास. ज्या समाजाविषयी इतरांनीच सर्वांत जास्त लिहिले, त्या समाजाने ही विद्या हाती घेऊ नये, ही गोष्ट साधी नाही.

नवी मुंबईत हा प्रश्न अधिक जवळून भिडतो. १९७० साली सिडकोची स्थापना झाली आणि ठाणे, पनवेल, उरण भागातील ९५ गावांच्या जमिनीवर हे शहर वसले. पनवेल-तळोज्याच्या पट्ट्यात कोकणी मुसलमानांची वस्ती या शहरापेक्षा कितीतरी जुनी आहे. त्यांच्यातली माणसे आधी जहाजांवर गेली, मग आखातात गेली. म्हणजे परदेशाशी बोलणे हा इथल्या घरांचा रोजचा व्यवहार होता. आज ऐरोली, रबाळे, महापे येथील डेटा सेंटरांतून देशोदेशीचे संदेश आणि चित्रे ये-जा करतात. मुंबई विद्यापीठाने इसवी सन २००० च्या सुमारास जनमाध्यमांचा पदवी अभ्यासक्रम सुरू केला, तो इथल्या महाविद्यालयांतही रुजला. आपली मुले-मुली त्यात शिकतात, काही पदव्युत्तर शिक्षण घेतात, प्रबंधही लिहितात.

आपल्या संस्थांचे लक्ष मात्र दुसरीकडे राहिले. अंजुमन-ए-इस्लामने २०११ मध्ये नवीन पनवेल येथे मोठे शिक्षणसंकुल उभे केले. ते अभियांत्रिकी, औषधनिर्माणशास्त्र आणि वास्तुशास्त्रासाठी. ही निवड समजण्याजोगी आहे, कारण गरीब घरातील मुलाला आधी रोजगार हवा असतो. पण संज्ञापनाच्या बाबतीत केवळ आणखी एक वर्ग उघडावा, असेही आमचे म्हणणे नाही. या विद्येचा आपल्याकडचा इतिहास चाळला तर निराळेच सूत्र हाती येते. वर्ग उघडतात आणि बंद होतात. विद्यार्थ्यांनी स्वतः उभी केलेली सभा असेल तरच विद्या टिकते.

सुरुवात मुंबईपासून करू. १८४८ साली एल्फिन्स्टन संस्थेतील विद्यार्थ्यांनी प्रा. पॅटन यांच्या प्रोत्साहनाने 'स्टुडंट्स लिटररी अँड सायंटिफिक सोसायटी' स्थापन केली. दादाभाई नौरोजींसारखे तरुण त्यात होते. सभेत निबंध वाचले जात, त्यांवर वाद होत. पण ही मंडळी निबंधांवर थांबली नाहीत. जे इंग्रजीत शिकलो ते आपल्या भाषेत लोकांपर्यंत न्यायचे, म्हणून मराठी आणि गुजराती अशा दोन ज्ञानप्रसारक सभा निघाल्या. १८५० पासून 'मराठी ज्ञानप्रसारक' हे मासिक निघू लागले. १८४९ साली याच तरुणांनी मुलींच्या शाळा काढल्या आणि सुरुवातीला स्वतःच फुकट शिकवले. संज्ञापन हा शब्दही तेव्हा प्रचारात नव्हता. तरी एका भाषेतून दुसऱ्या भाषेत, वर्गातून रस्त्यावर, पुरुषांकडून स्त्रियांकडे ज्ञान कसे न्यावे, याचा प्रयोग विद्यार्थ्यांची एक सभा करीत होती.

त्या सभेच्या पहिल्या शाळांत पारशी मुली होत्या, हिंदू मुली होत्या. मुसलमान मुली नव्हत्या. एल्फिन्स्टनमध्ये मुसलमान विद्यार्थीच हाताच्या बोटांवर मोजण्याइतके असतील, तर त्यांच्या बहिणी त्या शाळेत कुठून येणार? दोन शाखा निघाल्या त्या मराठी आणि गुजराती. घरी कोकणी-मराठी बोलणारा, मदरशात अरबी वाचणारा आणि पत्रव्यवहार उर्दूत करणारा मुंबईचा मुसलमान या दोन शाखांच्या मधल्या फटीत राहिला. त्याला कुणी हाकलले नव्हते. तो तिथे नव्हता, एवढेच. पण गैरहजेरीचीही किंमत पुढच्या पिढ्यांना मोजावी लागते.

याचा अर्थ मुसलमान जगापासून तुटलेले होते असा नाही. १९व्या शतकात मुंबईच्या लिथो छापखान्यांतून उर्दू, फारसी, अरबी पुस्तके निघत आणि जहाजांतून हिंदी महासागराच्या पलीकडच्या बंदरांत जात. १८७० मध्ये मुंबई समुद्राखालच्या तारेने एडन आणि सुएझशी जोडली गेली. व्यापार होता, प्रवास होता, हजचा रस्ता इथूनच जात होता. नव्हती ती या व्यवहाराकडे अभ्यासाच्या नजरेने पाहणारी मंडळी. १८७४ साली बद्रुद्दीन तय्यबजी, नाखुदा मुहम्मद अली रोगे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अंजुमन-ए-इस्लामची स्थापना केली, तेव्हा आधी शाळा उभी करणे भाग होते. एल्फिन्स्टनच्या सभेनंतर २६ वर्षांनी आपण पहिल्या पायरीवर आलो.

उत्तरेत अलीगढला चित्र वेगळे होते. सर सय्यद अहमद खान यांनी १८६६ साली 'अलीगढ इन्स्टिट्यूट गॅझेट' सुरू केले होते, म्हणजे कॉलेजच्या आधी वर्तमानपत्र आले. पुढे १८९० च्या सुमारास साहिबजादा आफताब अहमद खान या विद्यार्थ्याच्या पुढाकाराने 'अंजुमन-अल-फर्ज' निघाली. इंग्रजीत तिला ड्यूटी सोसायटी म्हणतात. सुट्टी लागली की तिचे सभासद गावोगावी फिरत, कॉलेजविषयी लोकांच्या मनातल्या शंका ऐकून घेत, त्यांना उत्तरे देत आणि गरीब विद्यार्थ्यांसाठी वर्गणी गोळा करीत. इंग्रजी शिकले की मूल धर्माला मुकेल, असे मानणाऱ्या घरांत जाऊन बोलणे हे संज्ञापनाचे शिक्षणच होते. त्याला परीक्षा नव्हती, प्रमाणपत्र नव्हते. ही संस्था शंभर वर्षांहून अधिक काळ टिकली.

आता त्याच अलीगढचे दुसरे पान पाहू. १९३८ साली अलीगढ मुस्लिम विद्यापीठात पत्रकारितेचा अभ्यासक्रम सुरू झाला. विद्यापीठाच्या पातळीवर ही विद्या शिकवण्याचा हा भारतातील अगदी आरंभीचा प्रयत्न. फेडरल कोर्टाचे न्यायाधीश आणि गणिताचे व्यासंगी सर शाह मुहम्मद सुलेमान यांनी तो मनावर घेतला, आणि रहम अली अल-हाशमी यांच्याकडे अध्यापन आले. लाहोरला पंजाब विद्यापीठात पी. पी. सिंग यांनी असाच विभाग सुरू केला तो १९४१ साली. म्हणजे या विद्येत आपण देशाच्या मागे नव्हतो, पुढे होतो. पण अलीगढचा हा वर्ग १९४० मध्ये, अवघ्या दोन वर्षांत, बंद पडला.

एकाच गावातल्या या दोन गोष्टी शेजारी ठेवून पाहाव्यात. विद्यार्थ्यांनी वर्गणीवर चालवलेली अंजुमन टिकली. न्यायाधीशाने मनावर घेतलेला, विद्यापीठाने मान्य केलेला अभ्यासक्रम टिकला नाही. सुलेमान साहेबांच्या तळमळीत काही उणे नव्हते. पण वर्ग वरून आला होता. तो बंद झाला तेव्हा 'हा आमचा आहे' म्हणून उभा राहील असा विद्यार्थ्यांचा जथा त्याच्यामागे नव्हता.

स्वातंत्र्यानंतर महाराष्ट्रात ही विद्या आली ती नागपूरच्या वाटेने. १९५२ साली हिस्लॉप कॉलेजात वृत्तपत्रविद्येचा विभाग सुरू झाला आणि अमेरिकेतील सिरॅक्यूज विद्यापीठाचे प्रा. रोलँड वूल्झली तिथे शिकवायला आले. पुणे विद्यापीठाचा विभाग १९६४ साली रानडे इन्स्टिट्यूटमध्ये निघाला, दिल्लीची भारतीय जनसंचार संस्था १९६५ साली. १९८२ मध्ये जामिया मिल्लियात कुलगुरू अन्वर जमाल किडवई यांनी जनसंचार संशोधन केंद्र स्थापले. त्यासाठी टोरोंटोच्या यॉर्क विद्यापीठाचे सहकार्य घेतले आणि जेम्स बेव्हरिज यांच्यासारखा माहितीपटांचा जाणकार आणला. अलीगढला निखळलेला धागा ४२ वर्षांनी जामियात पुन्हा जोडला गेला. महाराष्ट्रातल्या मुस्लिम संस्थांनी त्यातून बोध घेतला असता तर बरे झाले असते.

याच काळात जगात एक मोठा वाद पेटला होता. आशिया-आफ्रिकेतील देशांचे म्हणणे असे की, आमच्याविषयीच्या बातम्या लंडन, पॅरिस, न्यूयॉर्कच्या वृत्तसंस्था लिहितात. दुष्काळ, दंगल, बंड एवढेच आमचे दिसते आणि आम्ही स्वतः आमच्या शेजाऱ्याला ओळखतो तेही त्यांच्याच डोळ्यांनी. १९७६ साली दिल्लीत अलिप्ततावादी देशांची बैठक होऊन सामाईक वृत्तसंस्थेची घडी बसली. युनेस्कोने शॉन मॅकब्राइड यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमला. त्यात आपले बी. जी. वर्गीस होते आणि कादंबरीकार गॅब्रिएल गार्सिया मार्केझही होते. १९८० साली आयोगाचा अहवाल आला. बलाढ्य देशांना हा सूर रुचला नाही. १९८४ अखेर अमेरिका युनेस्कोतून बाहेर पडली, पाठोपाठ ब्रिटन.

या वादातील देशांच्या जागी समाज घालून पाहा. दंगल, फतवा, तलाक. मराठी वृत्तपत्रांच्या पानांवर मुसलमान प्रामुख्याने या तीन दारांतून आत येतो. रत्नागिरीचा मुसलमान मराठवाड्याच्या मुसलमानाला ओळखतो तोही बऱ्याचदा याच पानांवरून. १९९० साली सोलापूरला मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले, तेव्हा आपण या तक्रारीला साहित्यातून उत्तर द्यायला सुरुवात केली. कथा, कविता, आत्मकथने आली. पण आपल्याविषयीची बातमी कशी घडते, कोणते शब्द कुठून येतात, कोणते छायाचित्र पुन्हा पुन्हा का छापले जाते, हे पुराव्यानिशी तपासणारे संशोधन साहित्याने करावे ही अपेक्षा बरोबर नाही. ते संज्ञापनाच्या विद्यार्थ्यांचे काम.

आणि हे काम फक्त तक्रारीचे नाही. कोकणातल्या घरांतून आखातात गेलेल्या माणसाने १९७० आणि ८० च्या दशकांत कॅसेटवर आवाज भरून पाठवला. पत्र लिहिता-वाचता न येणाऱ्या आईने तो ऐकला आणि त्याच कॅसेटच्या दुसऱ्या बाजूवर आपले बोलणे भरून परत पाठवले. त्यात घराची डागडुजी होती, बहिणीचा निकाह होता, कर्जाचा हिशेब होता आणि रडणेही होते. पुढे गावात एसटीडीचे बूथ आले, मग मोबाइल आला. आंतरराष्ट्रीय संज्ञापनाचे मोठमोठे ग्रंथ उपग्रहांविषयी आणि वृत्तसंस्थांविषयी बोलतात. पण दोन देशांमधले संज्ञापन म्हणजे ही कॅसेटही आहे. तिच्यावरची फीत आता चिकटू लागली आहे, बुरशी धरू लागली आहे. ती गेली की आपल्या समाजाच्या दोन दशकांचा बोलता इतिहास गेला.

हे कोण जमवणार? एकटा विद्यार्थी प्रबंध लिहितो, पदवी घेतो आणि नोकरीला लागतो. त्याच्या नोंदी कपाटात राहतात. दुसरा विद्यार्थी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करतो. म्हणून नवी मुंबईत संज्ञापनाच्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांचे एक मंडळ असावे, असे आम्हांला वाटते. वाशी, नेरूळ, पनवेल इथली मुले लोकलने तासाभरात एकत्र येऊ शकतात. महिन्यातून एकदा बसावे, कुणी आपल्या प्रबंधाचे प्रकरण मराठीत वाचून दाखवावे, इतरांनी त्यावर वाद घालावा. कॅसेटी, पत्रे, जुने पासपोर्ट घराघरांतून मागून आणावेत, त्यांच्या प्रती कराव्यात, मूळ वस्तू सन्मानाने परत द्याव्यात. १९५७ साली युनेस्कोच्या पुढाकारातून पॅरिसला स्थापन झालेल्या माध्यमसंशोधकांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेत नवख्या अभ्यासकांसाठी वेगळा विभाग आहे. तिथे एकट्याने दार ठोठावण्यापेक्षा मंडळ म्हणून जाणे सोपे असते.

मुसलमानांना वेगळे मंडळ कशाला, असा प्रश्न लगेच येईल. त्याचे उत्तर १८४८ नेच देऊन ठेवले आहे. त्या सभेने भाषेच्या शाखा केल्या त्या फुटण्यासाठी नव्हे, लोकांपर्यंत पोहोचण्यासाठी. इथेही मंडळ विषयाचे असावे, धर्माचे नव्हे. आगरी, कोळी, दलित घरांतल्या विद्यार्थ्यांच्या हाती असाच न लिहिलेला इतिहास आहे आणि जमिनी गेलेल्या गावांची बातमी शहराने कशी सांगितली, हा त्यांचाही प्रश्न आहे. फक्त या वेळी आपली मुले, आणि विशेषतः आपल्या मुली, पहिल्या दिवसापासून त्या खोलीत असल्या पाहिजेत. १८४८ साली आपण नव्हतो, त्याची कारणे इतिहासात सापडतात. आज गैरहजर राहिलो तर तसे कारण सांगता येणार नाही.

खोली भाड्याने मिळते, खुर्च्या कुणीही देतो. वर्गणी गोळा करायला दारोदार फिरणारी चार मुले मिळाली की अंजुमन उभी राहते. अलीगढला तशीच उभी राहिली होती.