दारफळणीचा सण आणि दयेचे द्वार

(तिशरी महिन्यातील सणांनंतर दिलेल्या भाषणाचे ध्वनिमुद्रणावरून केलेले शब्दांकन)



नुकताच आपण किप्पूर पाळला. कोकणातील आपले पूर्वज ह्या दिवसाला ‘दारफळणीचा सण’ म्हणत. दारफळणी म्हणजे दारे लावून घेणे. त्या दिवशी ते पांढरी वस्त्रे नेसत, उपास धरीत, घराबाहेर पडत नसत आणि परक्याचा स्पर्शही टाळीत. दुसरा दिवस ‘शिळा सण’. त्या दिवशी दारे उघडली जात, गोरगरिबांना दान दिले जाई आणि आप्तेष्टांच्या घरी जाणेयेणे होई. दार लावण्याचा नेम एका दिवसाचा होता आणि त्याची सांगता दार उघडण्याने होत असे. आपल्या समाजाचा इतिहास ह्या दोन दिवसांच्या प्रकाशात पाहावा, असे मला वाटते. आपण टिकलो ते केवळ वेगळेपण राखल्यामुळे टिकलो, असे आपण मुलांना सांगत आलो आहोत. ते अर्धेच सत्य आहे.

परंपरेप्रमाणे नवगावच्या किनाऱ्यावर गलबत फुटले आणि वाचलेल्या सात जोडप्यांपासून आपला वंश वाढला. तेल गाळणारे आणि शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून शेजारी आपल्याला ‘शनिवार तेली’ म्हणू लागले. शब्बाथ, सुंता, खाण्याचे काही निर्बंध आणि ‘शेमा’ एवढी शिदोरी आपल्याजवळ उरली होती. ग्रंथ नव्हता आणि सिनेगॉगही नव्हते. पुढे दावीद राहबी नावाचा परका गृहस्थ आला, त्याने ही माणसे यहुदी असल्याचे ओळखले, त्यांना शिकवले आणि त्यांच्यातूनच काजी नेमले, असे परंपरा सांगते. म्हणजे आपल्या धर्मशिक्षणाचा आरंभच एका आगंतुकाला ओसरीवर बसवून घेण्यापासून झाला.

१७९६ साली सामुएल दिवेकर ह्यांनी मुंबईत मांडवी भागात आपले पहिले सिनेगॉग बांधले. टिपू सुलतानाच्या कैदेतून सुटका झाल्याबद्दल केलेला तो नवस होता, असे म्हणतात. त्याचे नाव ‘शार हारहमीम’, अर्थात दयेचे द्वार. आपली जुनी माणसे त्याला ‘जुनी मशीद’ म्हणत, आणि जवळच्या मस्जिद स्थानकाचे नावही त्यावरूनच पडले, असे सांगितले जाते. शेजाऱ्यांचा शब्द उचलताना त्यांना संकोच वाटला नाही.

१९व्या शतकात ह्या दारातून बरेच काही आत आले. कोचीनच्या यहुद्यांनी आपल्याला हज्जान आणि शिक्षक दिले. आज आपण ‘आपल्या चाली’ म्हणून ज्यांना जपतो, त्यांतील काही त्यांच्याकडून आलेल्या आहेत. स्कॉटिश मिशनरी डॉ. जॉन विल्सन ह्यांनी १८३२ साली मराठीतून हिब्रू व्याकरण प्रसिद्ध केले. त्यांचा हेतू धर्मांतराचा होता. आपण व्याकरण घेतले आणि धर्म आपलाच ठेवला. १८४६ साली मुंबईत हिब्रू-मराठी हग्गादा निघाली आणि १८७४ साली पुण्यात दुसरी. पुण्याच्या हग्गादेतील चित्रांत लुगडी नेसलेल्या स्त्रिया मत्झा तयार करताना दिसतात. १८८० च्या सुमारास आपल्या मंडळींनी हिंदू शेजाऱ्यांचा कीर्तनाचा प्रकार स्वीकारून त्यातून तोरातील कथा सांगण्यास आरंभ केला. ज्याला आज आपण परंपरा म्हणतो, ते एके काळी नवेच होते.

बंद दारेही आपण पाहिली. बगदादी यहुद्यांपैकी काहींनी मिन्यानमध्ये आपली गणना करण्याचे नाकारले. रंगूनमध्ये तर सिनेगॉगमधील हक्काचा वाद १९३० च्या दशकात न्यायालयापर्यंत गेला. निर्णय बेने इस्राएलांच्या बाजूने लागला, पण तो मागावा लागला हेच दुःख होते. १९६२ साली इस्राएलच्या मुख्य रब्बी मंडळाने आपल्या लोकांच्या विवाहापूर्वी वंशाची चौकशी करावी अशी सूचना काढली. १९६४ साली यरुशलेममध्ये मोठी निदर्शने झाली, तेव्हा ती बदलली गेली. हे आपण अभिमानाने सांगतो. परंतु त्याच समाजात ‘गोरे’ आणि ‘काळे’ इस्राएल असा भेद होता, आणि मिश्र विवाहातून जन्मलेल्यांच्या वंशजांशी आपण रोटीबेटीचा व्यवहार ठेवीत नव्हतो, हे मात्र हळू आवाजातही सांगत नाही. आपल्याला मिन्यानमध्ये न घेणारे आणि त्यांना पंक्तीला न घेणारे आपण, ह्यांत फरक कोणता?

बदल आतूनही येऊ शकतो, ह्याचे उदाहरण माझ्या क्षेत्राला जवळचे आहे. डॉ. जेरुशा झिराड लंडनहून एम. डी. होऊन परतल्या आणि पुढे मुंबईच्या कामा रुग्णालयाच्या प्रमुख झाल्या. १९६६ साली त्यांना पद्मश्री मिळाली. लंडनमध्ये लिली माँटेग्यू ह्यांच्या विचारांशी त्यांचा परिचय झाला होता. १९२५ साली त्यांनी मुंबईत ज्यूइश रिलीजियस युनियन स्थापन केली. समजणाऱ्या भाषेतील प्रार्थना आणि स्त्रीपुरुषांना एकत्र बसण्याची मोकळीक ह्या त्या काळी धाडसाच्या गोष्टी होत्या. त्यांचे सर्वच विचार सर्वांना पटले नाहीत, आजही पटत नाहीत. तरीही सुशिक्षित मुलींनी सिनेगॉगकडे पाठ फिरवू नये ही त्यांची तळमळ खरी होती.

आता ह्या देशाकडे वळते. १९३९ साली ‘सेंट लुईस’ जहाजावरील नऊशेहून अधिक यहुदी निर्वासितांना कॅनडाने प्रवेश नाकारला. आशियातील माणसालाही हे दार जवळजवळ बंदच होते. १९६२ साली प्रवेशाच्या नियमांतून वंशभेद काढण्यात आला आणि १९६७ साली शिक्षण, भाषा व व्यवसाय ह्यांना गुण देण्याची पद्धत आली. १९७० च्या दशकात परिचर्येचा डिप्लोमा घेऊन मी आले ती ह्याच दारातून. पहिल्या हिवाळ्यात एका सिनेगॉगमध्ये गेले असता एका गृहस्थांनी विचारले, “तुम्ही ज्यू कशा?” मी उत्तर शोधीत होते, तोच शेजारच्या एका आजींनी सरकून मला जागा दिली आणि सिद्दूरचे पान उघडून हाती ठेवले. पुढच्या शब्बाथला मी पुन्हा गेले, ती त्या आजींमुळे.

येथील जुन्या मंडळ्याही बदलतच आल्या आहेत. माँट्रियलची शेअरिथ इस्राएल १७६८ सालची. तिने सेफार्दी पद्धत स्वीकारली, परंतु आरंभीच्या सभासदांत अश्केनाझी पुष्कळ होते. टोरांटोचे होली ब्लॉसम १८५६ साली सनातनी मंडळी म्हणून सुरू झाले आणि १९२० साली सुधारणावादी संघात सामील झाले. आपल्या लोकांनी टोरांटोत काँग्रेगेशन बीना उभारून आपली उपासना ह्या भूमीत रुजवली. ‘बीना’ ह्या हिब्रू शब्दाचा अर्थ समज, विवेक.

विवेकाची गरज आज आहे. आपली नातवंडे मराठी बोलत नाहीत. काहींचे जोडीदार पोलंड-रशियाकडील घराण्यांतले आहेत, काही मोरोक्कोकडचे, तर काही मुळात यहुदी नाहीत. कोणाचे धर्मांतर कसे व्हावे, विवाह कोणी लावावा, हे रब्बींनी ठरवायचे, तो माझा अधिकार नाही. परंतु दारात आलेल्या माणसाला जागा करून देण्यासाठी रब्बींच्या निर्णयाची वाट पाहावी लागत नाही. मलिदाच्या वेळी पोहे, खोबरे आणि वेलदोडे कालवताना त्या सुनेच्या हाती परात द्यावी, एलियाहू हनाबीचे गीत तिला वाचता येईल अशा लिपीत छापावे, आणि वार्षिक सभेत मुलींच्या तोरावाचनाचा विषय निघेल तेव्हा आवाज न चढवता ऐकून घ्यावे, एवढे आपल्या हाती आहे.

ह्यात काही गमावणार नाही, असे मी म्हणत नाही. आपल्या मुखातली मराठी ह्या देशात क्षीण होईल, आणि त्याचे मला फार दुःख आहे. रुग्णालयात पाळी बदलताना जाणारी परिचारिका येणारीला प्रत्येक रुग्णाची हकीकत सांगते, किल्ल्या देते आणि मगच घरी जाते. येणारी आपल्यासारखीच काम करील अशी अट ती घालीत नाही, पण हकीकत सांगायची राहिली तर दोष तिचाच. आपली हकीकत मराठीत, इंग्रजीत, जशी जमेल तशी सांगा. चाली ध्वनिमुद्रित करून ठेवा. सणांची जुनी नावे मुलांकडून म्हणवून घ्या.

प्रार्थनेनंतर आपण हातबोशी करतो. शेजाऱ्याचा हात आपल्या हातांत घेऊन मग बोटे ओठांना लावतो. हा विधी एकट्याने करता येत नाही, आणि समोरचा हात कोणत्या घराण्यातला आहे, हे त्यात विचारले जात नाही. आज खाली उतरताना मागच्या रांगेत बसलेल्या नव्या पाहुण्यांपासून हातबोशीला आरंभ करू या.