नेरळचे ७९४ बी

रत्नागिरीच्या वाट्याला वाफेचे रेल्वे इंजिन आलेच नाही. कोकण रेल्वे २६ जानेवारी १९९८ रोजी पूर्ण मार्गावर सुरू झाली, तोवर मुख्य मार्गांवरची वाफ संपली होती. इथल्या लोकांना वाफ ठाऊक होती ती बंदरात लागणाऱ्या आगबोटींची. कोकणातले वाफेचे इंजिन म्हटले की नेरळ आठवते. तिथे जपलेले ७९४ बी पाहून सहज वाटते, माथेरानची गाडी पूर्वी हेच ओढत असणार. नोंदी वेगळे सांगतात.

माथेरानचा मार्ग १९०७ साली खुला झाला. पैसा आदमजी पीरभॉय यांचा, धडपड त्यांचे पुत्र अब्दुल हुसेन यांची. जर्मनीच्या ओरेनस्टाइन अँड कोपेलने त्यासाठी चार इंजिने बांधली; पुढे त्यांना ७३८ ते ७४१ हे क्रमांक मिळाले. प्रत्येकाला सहा चाके, सगळी एकमेकांना जोडलेली. अशी चाके घाटातल्या आवळ वळणांवर रुळांत अडकली असती. म्हणून पुढचा व मागचा आस पोकळ ठेवून त्यात दुसरा आस बसवला होता. वळणावर ही चाके थोडी सरकत आणि कलत. क्लीन-लिंडनर नावाची ही रचना म्हणजे त्या इंजिनांची खरी ओळख.

७९४ ला चाके मात्र चारच, आणि पाण्याची टाकी बॉयलरवर खोगिरासारखी चढवलेली. ही ठेवण दार्जिलिंगच्या ‘बी’ वर्गाची. क्रमांकही तिकडचाच: ज्या देशव्यापी मालिकेत माथेरानला ७३८ ते ७४१ मिळाले, तिच्यातच ‘बी’ वर्गाचे आकडे ७७७ पासून पुढे लागतात. या वर्गाची पहिली इंजिने १८८९ साली ग्लासगोच्या शार्प स्टुअर्टने बांधली. तीन मात्र १९१७ साली अमेरिकेतल्या बाल्डविन कारखान्यातून आली. ७९४ त्यांतले एक. ते साल महायुद्धाचे. ब्रिटिश कारखाने युद्धाच्या कामात गुंतल्यामुळे मागणी अमेरिकेकडे वळली असावी, हा अर्थात माझा तर्क.

दोन्ही मार्ग दोन फुटी, त्यामुळे या शतकाच्या सुरुवातीला ७९४ नेरळला आणून चालवून पाहता आले. पण माथेरानची नियमित वाफेची सेवा १९८० च्या दशकारंभीच बंद पडली होती. त्या सेवेशी या इंजिनाचा संबंध नाही. म्हणून इंजिनाजवळच्या फलकावर बाल्डविन आणि दार्जिलिंग ही दोन नावे ठळक हवीत. नुसते ‘शंभर वर्षांचे इंजिन’ म्हटल्याने समज उलट पक्का होतो. माथेरानच्या मूळ चौघांपैकी एक दिल्लीच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात आहे, तर ७४० इंग्लंडला गेले.