चामड्याच्या वादीत मावलेलं राज्य

जव्हारला जाणारा प्रवासी बहुधा दोन ठिकाणं पाहून परततो. एक, राजा यशवंतराव मुकणे यांच्या काळातला जयविलास राजवाडा आणि दुसरं, लेंडी नदीवरचा दाभोशाचा धबधबा. मीही दोन दिवसांचा पाहुणा म्हणूनच गेलो होतो. पण जुन्या गावात गेलं की मला दगडांच्या आधी नावं दिसतात. इथल्या राजांची नावं पाहा. नेमशहा, विक्रमशहा, पतंगशहा. घराणं महादेव कोळ्यांचं, आडनाव मुकणे आणि नावाला जोडलेला 'शहा'. हा शहा सह्याद्रीच्या या जंगलात आला कुठून?

त्याचं उत्तर चौदाव्या शतकात आहे. दिल्लीच्या तख्तावर तेव्हा महंमद तुघलक होता. जव्हारच्या राज्याचा संस्थापक जायबा मुकणे. त्याच्या मुलाला दिल्लीने राजा म्हणून मान्यता दिली, बावीस किल्ल्यांचा मुलूख त्याच्याकडे राहिला आणि 'शहा' हा किताब मिळाला. तारीख सांगितली जाते ५ जून १३४३. हा दिवस राज्याला इतका मोलाचा वाटला की त्या दिवसापासून जव्हारची स्वतःची कालगणना सुरू झाली. पुढे १९४८ मध्ये संस्थान विलीन झालं, तोवर सहाशे वर्षं उलटली होती. फारसी शब्द या घराण्यात असा मुरला, की तो बाहेरचा आहे हे कुणाच्या ध्यानातही राहिलं नाही.

गंमत अशी, की हा शब्द राजाचा तसाच फकिराचाही. सूफी अवलियांनाही लोक 'शाह' म्हणत. जव्हारमध्ये शाह सदरुद्दीन यांचा दर्गा आहे आणि तिथल्या उरुसाला सगळ्या जातीधर्मांची माणसं येतात. एकाच गावात वाड्यावरही शाह आणि दर्ग्यातही शाह. आपल्याला याचं नवल वाटायला नको. मालोजीराजांनी अहमदनगरच्या शाह शरीफ या पिराच्या नावावरून मुलांची नावं शहाजी आणि शरीफजी ठेवली, ही परंपरा महाराष्ट्रात घरोघर ठाऊक आहे.

हे सांगण्याला एक कारण आहे. जव्हारच्या मुक्कामात एका सज्जन गृहस्थांनी माझं नाव ऐकून कौतुकानं विचारलं, "मराठी फार छान बोलता हो तुम्ही. मूळचे कुठले?" हा प्रश्न मला आयुष्यभर भेटत आला आहे. विचारणाऱ्याच्या मनात काळंबेरं नसतं. म्हणून मी माझ्या गावाचं नाव सांगतो. ते थोडं हिरमुसतात, कारण त्यांना दूरचं काहीतरी ऐकायचं असतं. मला मात्र त्या दिवशी वाटलं, हा प्रश्न या गावालाच विचारून पाहावा. मूळचं कोण?

१८८२ च्या ठाणे जिल्ह्याच्या गॅझेटियरमध्ये जव्हारच्या स्थापनेची कथा दिली आहे. आधी हा मुलूख एका वारली नायकाचा होता. जायबानं त्याच्याकडे बैलाच्या कातड्यात मावेल एवढीच जमीन मागितली. नायकानं हसून होकार दिला. जायबानं त्या कातड्याची बारीक वादी कापली, ती लांबवत नेली आणि तिच्या वेढ्यात अख्खी किल्ल्याची जागा घेतली.

हीच गोष्ट भूमध्य समुद्राच्या काठी दोन हजार वर्षांपासून सांगतात. टायर शहरातून पळून आलेली डिडो राणी आफ्रिकेच्या किनाऱ्यावर उतरली, तिनंही बैलाच्या कातड्याएवढी जमीन मागितली, तशीच वादी कापली आणि कार्थेज वसवलं. पुढे कार्थेजच्या लोकांनी स्पेनमध्ये इसवी सनापूर्वी २२७ च्या सुमारास आणखी एक नगर उभारलं आणि त्यालाही तेच नाव दिलं. तेच आजचं कार्ताहेना. प्रवासी तिथे कार्थेजकालीन तट पाहतात आणि १९८८ मध्ये सापडलेलं रोमन नाट्यगृह पाहतात. रोमनांनी ते नगर जिंकलं, नंतर अरब आले, नंतर ख्रिस्ती राजे. प्रत्येकानं आपली वादी टाकली.

ही कथा अनेक देशांत सापडते आणि सगळीकडे आपण एकाच माणसाला दाद देतो, वादी कापणाऱ्याला. ज्यानं विश्वासानं 'घे' म्हटलं, त्याचं काय? डिडोच्या कथेतला तो राजा निदान नावानिशी उरला आहे. आपल्या कथेतल्या वारली नायकाला नावसुद्धा नाही.

वादी पुढेही लांबतच गेली. सावकार आले, जमीनदार आले, जंगलाचे ठेकेदार आले. शेजारच्या डहाणू-तलासरी भागातल्या वारल्यांना १९४५ मध्ये वेठबिगारीविरुद्ध उठाव करावा लागला. १९९२ मध्ये जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणीत कुपोषणानं बालकं दगावली, तेव्हा कुठे राज्याला या डोंगराची जाग आली. आणि ज्या वारल्यांनी भिंतीवर तांदळाच्या पिठानं लग्नाचा चौक लिहिला, त्यांची चित्रं आज शहरातल्या पडद्यांवर आणि चहाच्या कपांवर छापली जातात.

दाभोशाला सुमारे तीनशे फुटांवरून पाणी कोसळत होतं. वाट दाखवायला गावातला एक वारली मुलगा बरोबर होता. मी सवयीनं विचारलं, "तू मूळचा इथलाच का रे?" त्याला प्रश्नच कळला नाही. म्हणाला, "काका, मूळचा म्हंजे?"

जो खरोखर मूळचा असतो, त्याच्याजवळ दाखवायला किताब नसतो, शक नसतो, वाडा नसतो. बाकी आपण सगळे, शहा, मुकणे आणि हा मराठीत कविता लिहिणारा मुसलमान, कधी ना कधी येऊन इथले झालेली माणसं. त्यात कमीपणा काहीच नाही. मात्र येऊन इथलं होता येतं, हे मान्य केलं की दुसऱ्याला मूळ गाव विचारण्याचा मक्ता कुणाकडेच उरत नाही. आणि आपल्याला 'घे' म्हणणाऱ्याचं नाव विचारण्याची जबाबदारी मात्र सगळ्यांवर येते. जव्हारला जाल तेव्हा राजवाडा जरूर पाहा. पाहताना एवढं मनात असू द्या, की ही जमीन कुणीतरी भोळेपणानं दिलेली आहे.