गाडीला लिफ्ट किट बसवलं, आता शॉकअप कोणते घ्यायचे? बॉक्सवरचा आकडा सोडा, आधी हे मोजा

थार किंवा जिम्नी घेतली की काही महिन्यांतच डोक्यात एक किडा वळवळायला लागतो, गाडी थोडी उचलूया. दोन इंचाचं लिफ्ट किट बसतं, मोठे टायर येतात, रील पडते, लाइक्सही मिळतात. मग पहिल्या पावसाळी ट्रेलला मागून ठक्क ठक्क आवाज सुरू होतो. घाटातल्या वळणावर गाडी डुलायला लागते. गाडीखाली डोकावून बघितलं तर शॉकअपवर तेल ओघळलेलं असतं.

नवीन शॉकअप घ्यायला दुकानात गेलं की पहिला प्रश्न येतो, "लिफ्ट किती इंच?" दोन इंच म्हटलं की दोन इंच लिफ्टचे शॉकअप समोर ठेवले जातात. घोळ इथेच होतो. लिफ्टच्या आकड्यावरून गाडी किती उचलली आहे ते कळतं. शॉकअप किती उघडला पाहिजे आणि किती मिटला पाहिजे, हे त्यातून कळत नाही. निवड मात्र याच दोन मापांवर करायची असते.

शॉकअप गाडी उचलत नाही

आधी हा गैरसमज दूर करूया. गाडीचं वजन स्प्रिंग पेलते. ती कॉइल असेल, टॉर्शन बार असेल किंवा पाटे असतील. स्प्रिंग दबली की तिला परत उसळायचं असतं आणि मोकळी सोडली तर ती उसळतच राहते. ही उसळी मारायचं काम शॉकअप करतो. त्याच्या आत तेल असतं आणि तेलातून पिस्टन फिरतो. पिस्टनवरच्या बारीक झडपांमधून तेल जाताना अडतं. या अडथळ्यामुळे हालचालीची ऊर्जा उष्णतेत बदलते आणि गाडी शांत होते.

म्हणून लिफ्ट येते ती उंच किंवा कडक स्प्रिंगमधून नाहीतर स्पेसरमधून. शॉकअपला या नव्या उंचीशी जुळवून घ्यावं लागतं.

लिफ्टनंतर जुन्या शॉकअपचं काय होतं?

समजण्यासाठी एक उदाहरण घेऊ. हे आकडे कोणत्याही एका गाडीचे नाहीत. एक शॉकअप पूर्ण मिटल्यावर ३४० मिमी आणि पूर्ण उघडल्यावर ५४० मिमी आहे. गाडी सपाट जागी उभी असताना त्याची लांबी ४४० मिमी असते. म्हणजे वर जायला १०० मिमी आणि खाली यायला १०० मिमी जागा.

आता गाडी ५० मिमी उचलली. उभ्या गाडीत शॉकअपची लांबी ४९० मिमी झाली. खाली यायला फक्त ५० मिमी उरले. एखाद्या खड्ड्यावर चाक खाली झेपावलं की शॉकअप लगेच पूर्ण ताणला जातो आणि पिस्टन आतून धडकतो. तो ठक्क आवाज बहुतेक वेळा हाच असतो. चाक, अॅक्सल आणि मोठ्या टायरचं सगळं वजन त्या क्षणी शॉकअपला लटकतं. पुढे सील फुटतं, तेल गळतं, कधी माउंटच तुटतो.

ऑफरोडला आणखी एक नुकसान होतं. चाक पुरेसं खाली न आल्यामुळे ते लवकर हवेत लटकतं आणि पकड जाते. ज्यासाठी गाडी उचलली, तेच हातातून जातं.

मग लांब शॉकअप घेतला की झालं?

इथे दुसरी चूक होते. वरच्या उदाहरणात ५९० मिमी उघडणारा शॉकअप घेतला तर खालची १०० मिमी जागा परत मिळते. पण दांडा मिटताना शॉकअपच्या नळीतच शिरणार. दांड्याचा प्रवास वाढवायचा तर नळीही लांब करावी लागते. त्यामुळे त्याच बनावटीचा ५० मिमी लांब शॉकअप मिटल्यावरही साधारण २५ मिमी लांबच राहतो. म्हणजे ३४० च्या जागी ३६५.

आता गाडीचा बंप स्टॉप बघा. चाक वर येताना शेवटी ज्यावर आदळतं तो हा रबराचा ठोकळा. समजा तो पूर्ण दबला तेव्हा शॉकअपच्या दोन माउंटमधलं अंतर ३५० मिमी राहतं. नवा शॉकअप ३६५ वरच संपतो. म्हणजे रबरावर आदळण्याच्या १५ मिमी आधीच गाडीचा सगळा धक्का शॉकअपच्या आतल्या धातूवर येतो. अशाने दांडा वाकतो, पिस्टन फुटतो किंवा वरचा माउंट चासीपासून उखडतो.

आखूड शॉकअप ताणून मरतो, लांब शॉकअप चेपून मरतो. दोन्हीकडे पैसे तुमचेच जातात. शिवाय हे घाटात घडलं तर प्रश्न फक्त पैशांचा राहत नाही.

मोजायचं कसं?

हे काम चांगल्या गॅरेजमध्ये स्टँडवर गाडी ठेवूनच करावं. नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली कोणीही जाऊ नये. दाबलेली कॉइल स्प्रिंग सुटली तर जीव जाऊ शकतो, त्यामुळे ती काढायचं काम सरावाच्या माणसाकडेच द्यावं.

१. गाडी सपाट जागी उभी करा. बंपर, विंच, रूफ रॅक असं जे कायम असतं ते गाडीवरच ठेवा. वरच्या आणि खालच्या माउंटमधलं अंतर मोजा. ही उभी लांबी.

२. स्प्रिंग आणि शॉकअप काढून अॅक्सल जॅकने हळूहळू वर घ्या. बंप स्टॉप पूर्ण दबल्यावर जे अंतर राहील तितकं मोजा. नव्या शॉकअपची मिटलेली लांबी यापेक्षा कमी पाहिजे. साधारण १० ते १५ मिमी जागा हाताशी ठेवा. सलग अॅक्सलच्या गाडीत एक चाक वर आणि दुसरं खाली ठेवूनही मोजा, कारण ट्रेलवर अॅक्सल तिरका होतो.

३. आता अॅक्सल खाली सोडा. ब्रेकचा होज, एबीएसची वायर किंवा प्रोपेलर शाफ्ट ताणला जाण्याच्या आधी थांबा. कॉइल स्प्रिंग जागेवरून सुटेल इतकंही खाली जाऊ देऊ नका. हे सगळ्यात मोठं अंतर. शॉकअपची उघडलेली लांबी याच्या आत हवी.

हवा तो शॉकअप मिटल्यावर थोडा लांब पडत असेल तर बंप स्टॉपखाली तेवढा पॅकिंग ठोकळा बसवतात. आपल्या उदाहरणात १५ मिमीची तूट आणि १० मिमी राखीव धरून तो २५ मिमीचा लागेल. वरचा थोडा प्रवास कमी होतो, पण शॉकअप वाचतो.

थार आणि जिम्नीचं गणित वेगळं का?

जिम्नीला पुढे आणि मागे दोन्हीकडे सलग अॅक्सल आहे. कॉइल वेगळी आणि शॉकअप वेगळा. त्यामुळे वरची पद्धत जवळपास जशीच्या तशी लागू होते. २०२० मध्ये आलेल्या थारला मागे सलग अॅक्सल आहे, पण पुढे दोन्ही चाकं स्वतंत्र आहेत आणि शॉकअप कॉइलच्या आतून जातो. तिथे शॉकअप खालच्या आर्मवर चाकापासून आत बसलेला असतो. चाक ५० मिमी हललं तर शॉकअप त्यापेक्षा कमी हलतो. म्हणून पुढे ५० मिमी लिफ्ट मिळवायला ५० मिमीचा स्पेसर लागत नाही. चाकाची लिफ्ट आणि स्पेसरची जाडी एकच समजून वस्तू मागवली तर गाडी हवी त्यापेक्षा जास्त उचलली जाते. मग बॉल जॉइंट आणि सीव्ही जॉइंट तिरके चालून लवकर जातात.

जुनी जिप्सी पाट्यांवर चालते. तिथे पाट्याची लांबी आणि शॅकलही मोजमापात धरावं लागतं. म्हणून "थारला बसतो" एवढं ऐकून वस्तू घेऊ नका. मॉडेल, वर्ष आणि पुढचा की मागचा, हे सांगूनच मागवा.

ट्विन-ट्यूब, मोनोट्यूब की बाहेर डबी असलेला?

माप जुळलं की मगच प्रकाराकडे वळा.

ट्विन-ट्यूबमध्ये एकात एक अशा दोन नळ्या असतात. बाहेरच्या नळीला दगड लागून पोचा आला तरी आतला पिस्टन सहसा चालत राहतो. चाल मऊ असते आणि किंमतही सहसा कमी असते. ओल्ड मॅन इमूचा नायट्रोचार्जर या जातीचा आहे. काही ट्विन-ट्यूबमध्ये तेलाचा फेस होऊ नये म्हणून वायू भरलेला फोमही घालतात.

मोनोट्यूबमध्ये एकच नळी असते. तेल आणि जास्त दाबाचा नायट्रोजन यांच्यामध्ये एक सरकता पिस्टन असतो. तेल थेट बाहेरच्या नळीला लागून असल्याने उष्णता लवकर बाहेर पडते. बिल्स्टीन ५१०० मोनोट्यूब आहे. याचा तोटा म्हणजे नळीला मोठा पोचा आला तर पिस्टन अडकू शकतो.

तिसऱ्या प्रकारात बाजूला वेगळी डबी असते. तिच्यामुळे तेल वाढतं आणि थंड राहतं. वॉशबोर्डसारख्या खडबडीत रस्त्यावर तासन्‌तास वेगात चालवताना याचा खरा उपयोग होतो. सह्याद्रीतले बहुतेक ट्रेल हळू चालीचे, दगडगोट्यांचे आणि चिखलाचे. तिथे शॉकअप फारसा तापत नाही. शनिवार-रविवार ट्रेल आणि बाकी दिवस ऑफिस असं असेल तर चांगला ट्विन-ट्यूब किंवा साधा मोनोट्यूब पुरतो.

जितका कडक तितका चांगला?

नाही. शॉकअप स्प्रिंगशी जुळला पाहिजे. स्टीलचा बंपर आणि विंच लावली, त्यासाठी कडक स्प्रिंग टाकली आणि शॉकअप मूळच ठेवला, तर स्प्रिंगची उसळी त्याला आवरत नाही. गाडी स्पीड ब्रेकरनंतर दोन-तीनदा झुलते. उलट रिकाम्या गाडीला जड सामानासाठी बनवलेला शॉकअप लावला तर चाक रस्त्याला धरून राहत नाही, टणाटण उडतं. ब्रेक लावताना ते धोक्याचं ठरतं.

म्हणून शक्यतो स्प्रिंग आणि शॉकअप एकाच कंपनीच्या जुळणाऱ्या सेटमधले घ्या आणि गाडीवर कायम किती जादा वजन असतं ते आधीच सांगा.

बसवताना काय बघायचं?

रबरी बुश असलेल्या माउंटचे बोल्ट गाडी चाकांवर उभी असतानाच शेवटचे आवळतात. चाकं लटकत असताना आवळले तर गाडी खाली आल्यावर बुश कायम पिळलेला राहतो आणि लवकर फाटतो. बसवून झाल्यावर स्टिअरिंग दोन्ही टोकांना फिरवून टायर आणि होज कुठे घासत नाहीत ना, ते बघा. व्हील अलाइनमेंट करा. जिम्नीसारख्या पुढच्या सलग अॅक्सलमध्ये कॅस्टर कोनही तपासून घ्या, तो बिघडला तर हायवेला स्टिअरिंग भरकटल्यासारखं वाटतं. हेडलाइट खाली करा, नाहीतर समोरच्याच्या डोळ्यांवर प्रकाश जातो. पाचशे किलोमीटरनंतर सगळे बोल्ट पुन्हा तपासा.

आरटीओचं काय?

मूळ मापाचा शॉकअप बदलणं ही दुरुस्ती झाली. गाडीची उंची बदलणं हा वेगळा विषय. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार कंपनीने दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल करता येत नाही. सुप्रीम कोर्टानेही जानेवारी २०१९ मध्ये हेच अधोरेखित केलं. २०१९ च्या दुरुस्तीनंतर बेकायदा बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५ हजार रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. "काही होत नाही भाऊ" या गॅरेजमधल्या खात्रीवर विसंबू नका. आरटीओ आणि विमा कंपनीकडून लेखी उत्तर घ्या. वॉरंटीबद्दल शोरूमलाही विचारा.

एक शेवटची गोष्ट. सलग अॅक्सलच्या गाडीत लिफ्टने बॉडी वर जाते, पण डिफरन्शिअलचा गोळा जमिनीपासून तेवढ्याच उंचीवर राहतो. तो फक्त मोठ्या टायरने वर येतो. गाडी जितकी उंच, तितकी वळणावर उलटण्याची शक्यता जास्त. त्यामुळे गरजेपुरतीच लिफ्ट करा.

आणि दुकानात "लिफ्ट किती?" असं विचारलं, तर उलट तीन गोष्टी विचारा: हा मिटल्यावर किती मिमी, उघडल्यावर किती मिमी आणि कोणत्या स्प्रिंगसाठी बनवलाय? उत्तर मिळालं नाही तर पुढचं दुकान गाठा.