कुत्रा छाप आणि बाकीचे

मंडळी, आमच्या घरात सध्या हेडफोनवरून दोन पक्ष पडले आहेत. धाकट्या नातवाकडे देशी कंपनीचा, हजार-बाराशेचा. थोरल्याकडे परदेशी, त्याच्या दसपट किमतीचा. थोरला म्हणतो, "नाना, त्या कंपनीचं नावच काढू नका, तिला क्वालिटीच नाही." तू तो कानाला लावून पाहिलास का, असं मी विचारलं. नाही म्हणाला. लावायची गरजच काय, सगळ्यांना माहीत आहे!

हे "सगळ्यांना माहीत आहे" मी फार वर्षांपासून ऐकत आलोय. हेडफोन नवे आहेत, वाक्य जुनं आहे. आमच्याकडे धुळे-जळगावला ते आधी तबकड्यांबद्दल बोललं जायचं, मग रेडिओबद्दल, आणि सगळ्यात जोरात कॅसेटबद्दल. आज त्याचाच थोडा इतिहास लिहितो.

तबकडी म्हटली की एचएमव्ही. हे इंग्रजी नाव खेड्यात कोणी घेत नसे, सरळ 'कुत्रा छाप' म्हणत. कर्ण्यासमोर कान देऊन बसलेला तो कुत्रा म्हणजे अस्सलपणाची खूणच होती. आता या कुत्र्याची गंमत ऐका. फ्रान्सिस बराऊड नावाच्या चित्रकाराने हे चित्र मुळात काढलं तेव्हा कुत्र्यासमोर ग्रामोफोन नव्हताच, नळकांड्याचा फोनोग्राफ होता. म्हणजे वेगळ्याच जातीचं, प्रतिस्पर्धी यंत्र! १८९९ साली ग्रामोफोन कंपनीने चित्र घ्यायचं ठरवलं आणि त्याच्याकडून त्यावर आपलं यंत्र रंगवून घेतलं. कुत्रा तोच राहिला, समोरचं यंत्र बदललं. जगातल्या सर्वात प्रसिद्ध छापाची ही जन्मकथा!

पुढे १९३१ साली इंग्लंडात ग्रामोफोन कंपनी आणि कोलंबिया या दोन कंपन्या एक होऊन ईएमआय झाली. त्यानंतर आपल्याकडे एचएमव्ही आणि कोलंबिया या दोन्ही छापांच्या तबकड्या कलकत्त्याजवळच्या डमडमच्या एकाच कारखान्यात निघू लागल्या. लाखेचा लगदा तोच, दाबयंत्रं तीच, वर चिकटणारा कागद तेवढा निराळा. पण "कोलंबियाचा आवाज जरा पातळ असतो" असं छातीठोक सांगणारे जाणकार माझ्या लहानपणी आमच्या गल्लीतसुद्धा होते. मुंबईला वडाळ्याला 'यंग इंडिया' छापाच्या तबकड्या काढणारा एक स्वदेशी कारखाना विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत चालला. त्याच्या वाट्याला कुत्र्याची प्रतिष्ठा कधी आली नाही.

रेडिओचं थोडक्यात सांगतो. ज्यांच्या घरी मर्फी ते एका पंगतीचे, ज्यांच्याकडे फिलिप्स ते दुसऱ्या, आणि ज्यांनी दुकानदाराकडून सुटे भाग जोडून घेतलेला सेट आणला ते पंगतीबाहेरचे. पण मध्यम लहरींवरचं प्रक्षेपण मुळातच अरुंद. तार सप्तकातले बारकावे, झांजेची किणकिण, हे केंद्रातून निघतानाच गाळलं जायचं. जे आलंच नाही ते कुठला मर्फी ऐकवणार? लाकडी पेटी मोठी आणि स्पीकर मोठा असला की आवाज भरदार व्हायचा, हे मात्र खरं. त्याचं श्रेय सुताराला जायला हवं होतं, ते नावाच्या पट्टीला मिळालं. असो.

आता कॅसेट. फिलिप्स कंपनीने १९६३ साली ती जगापुढे आणली. आमच्याकडे तिचा सुळसुळाट झाला तो ऐंशीच्या दशकात. आखाती देशांत कामाला गेलेल्यांनी आणलेले टू-इन-वन घरोघर दिसू लागले होते. एचएमव्हीची तेव्हा जवळजवळ मक्तेदारी होती, पण मागणी एवढी वाढली की तिला पुरवठा झेपेना. या फटीतून दिल्लीच्या गुलशन कुमार यांची 'टी-सिरीज' शिरली. दर्यागंजात फळांच्या रसाचं दुकान चालवणाऱ्या घरातला हा माणूस. १९८३ साली कंपनी काढली आणि कॅसेट पानाच्या टपरीवर, किराणा दुकानात, एसटी स्टँडवर विकायला लावली. किंमत एचएमव्हीच्या निम्म्याच्या आसपास, कधी त्याहून कमी. गाणी लोकप्रिय, पण मूळ गायकाऐवजी नव्या गायकांकडून गाऊन घेतलेली. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात अशा 'व्हर्शन' गाण्यांना वाट होती: मूळ ध्वनिमुद्रणानंतर ठरावीक काळ उलटला की रीतसर नोटीस आणि मानधन देऊन ते गाणं पुन्हा मुद्रित करता येई. (२०१२ साली हा नियम बदलून बराच कडक करण्यात आला.) १९९० साली 'आशिकी'ने या कंपनीची घोडदौड पक्की केली, आणि आपल्या अनुराधा पौडवाल घराघरात पोचल्या.

आमच्या पांढरपेशा मंडळींत मात्र या स्वस्त कॅसेटींना मान नव्हता. पाहुण्यांसमोर काचेच्या कपाटात लावायच्या त्या कुत्रा छाप, आणि बाकीच्या खालच्या फळीवर, पाठ भिंतीकडे करून. कारण विचारलं की एकच शब्द: क्वालिटी.

या एका शब्दात माझ्या मते निदान तीन तक्रारी कोंबलेल्या होत्या. पहिली, नीतीची: दुसऱ्याचं गाणं उचलून विकतात. चोरट्या नकलांचा तेव्हा सगळीकडे धुमाकूळ होताच, त्यामुळे ही तक्रार पोकळ नव्हती. पण तिचा आवाजाशी काय संबंध? दुसरी, पंगतीची: ट्रकवाले, रिक्षावाले, लग्नातले बँडवाले ज्या कॅसेटी वाजवतात त्या आपल्या घरात कशा? ही कोणी उघड बोलायचं नाही. आणि तिसरी, प्रत्यक्ष आवाजाची. तीही काही वेळा खरी असायची. स्वस्त फितीवरचा लोखंडाच्या ऑक्साइडचा थर लवकर झडायचा, घाईघाईत वेगाने नकला काढल्या की झांजा-बासऱ्या मंदावायच्या. पण पहिल्या दोन तक्रारी तिसरीच्या तोंडून बोलायच्या, आणि ऐकणाऱ्याला वाटायचं की आपला कानच साक्ष देतोय.

धुळ्याला आग्रा रोडवर एका दुरुस्तीवाल्याकडे माझी ऊठबस होती. शिक्षण सातवीपर्यंत, पण कान असा की टेप दुकानात शिरायच्या आधी तिचा आजार सांगायचा. तो म्हणायचा, "सर, दहा लोक कॅसेटची तक्रार घेऊन येतात, त्यातल्या सात जणांचं हेड घाण असतं." हेड म्हणजे फितीवरचं चुंबकत्व वाचणारा तो चकचकीत तुकडा. फीत त्याच्यासमोरून सेकंदाला पावणेपाच सेंटिमीटर वेगाने सरकते, आणि हेड तिला अगदी काटकोनात टेकावं लागतं. केसभर तिरपं झालं की बारीक, उंच स्वर गायब. हेडच्या शेजारी एक छोटा स्क्रू असतो. गाणं चालू ठेवून तो स्क्रू जरा इकडे, जरा तिकडे फिरवायचा, आणि एका क्षणी गाण्यावरचं फडकं कोणीतरी ओढून काढल्यासारखा आवाज उघडायचा. मग स्पिरिटचा बोळा फिरवून हेड पुसायचं. पैसे घ्यायचा दोन रुपये. तीच "भिकार क्वालिटीची" कॅसेट घेऊन गिऱ्हाईक खुशीत घरी जायचं.

त्याचा एक खोडकर खेळही होता. एखादं गिऱ्हाईक फारच मिजास करू लागलं की हा एकाच गाण्याची एकच नक्कल दोनदा वाजवायचा. एकदा समोर कुत्रा छाप रिकामी डबी ठेवून, एकदा बेनामी डबी ठेवून. मग विचारायचा, "भो, कोणता चांगला?" मी असताना बहुतेकांनी कुत्र्यालाच कौल दिला. एका गृहस्थांनी तर दुसऱ्या खेपेला तबला "बसका" असल्याचंही सांगितलं. याने डबी उघडून दाखवली नाही कधी. गिऱ्हाईक तोडायचं नसतं, म्हणायचा.

हाच खेळ पुढे अमेरिकेत शास्त्रशुद्ध पद्धतीने झाला. हरमन कंपनीच्या फ्लॉइड टूल आणि शॉन ऑलिव्ह या दोघांनी १९९४ साली आपल्याच कंपनीतल्या ४० जणांना चार लाउडस्पीकर ऐकवून गुण द्यायला लावले. एकदा पडद्याआडून, एकदा पडदा काढून. पडदा निघताच मोठ्या, महागड्या स्पीकरचे गुण चढले आणि स्वस्त, छोट्या संचाचे घसरले. इतकंच नाही, स्पीकरची जागा हलवल्याने आवाजात खरोखर पडणारा फरकसुद्धा उघड्या डोळ्यांनी ऐकणाऱ्यांना फारसा जाणवेना. सराव असलेले कानही यातून सुटले नाहीत.

हेडफोनच्या बाबतीत पडदा लावणं अवघड. कानाला लागताच वजनावरून, गादीवरून कळतं कोणता ते. म्हणून ऑलिव्ह आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नंतर अशी युक्ती काढली की एकाच हेडफोनमधून इतर हेडफोनच्या आवाजाची नक्कल ऐकवायची. डोक्यावर वस्तू एकच, आवाज वेगवेगळे. आमच्या दुरुस्तीवाल्याच्या बरोबर उलट! आणि २०१७ साली येरून ब्रीबार्ट या संशोधकाने २८३ हेडफोनची मोजमापं तपासली, तर कोणते स्वर किती उठून येतात याचा आणि दुकानातल्या किमतीचा काही संबंधच सापडेना. (टिकाऊपणा, आराम वगैरे गोष्टी वेगळ्या, त्यांचं मोजमाप हे नव्हे.)

'बीट्स'चं उदाहरण या संदर्भात पाहण्यासारखं आहे. डॉ. ड्रे हे रॅप संगीतकार आणि जिमी आयोव्हिन यांनी २००६ साली काढलेली ही कंपनी. सुरुवातीच्या बीट्समध्ये ढोलकाचा घुमारा वाजवीपेक्षा जास्त ठेवलेला असे, ही हौशी मंडळींची तक्रार रास्तच होती. पण २०१४ साली अॅपलने ही कंपनी ३ अब्ज डॉलरला घेतली, पुढे नवे हेडफोन आले, त्यांचा आवाज बराच संतुलित झाला, तरी जाणकारांत बीट्स म्हटलं की नाक मुरडणं सुटलं नाही. जाहिरातबाजी, किंमत, गळ्यात अडकवून हिंडणारी पोरं, या सगळ्याचा राग त्या घुमाऱ्याच्या नावावर जमा होत राहिला. म्हणजे पुन्हा तीन तक्रारी आणि एक शब्द. आणि गंमत अशी की मिजास दोन्हीकडून चालते. एकाला लेबल मिरवायचं असतं, दुसऱ्याला आपण ते लेबल वापरत नाही हे मिरवायचं असतं. कानाने ऐकतो कोण, हा प्रश्नच!

हे हेडफोनपुरतं असतं तर मी एवढं लिहिलंही नसतं. पोरांचे पैसे, पोरांचे कान. पण आमच्या भागात या नाक मुरडण्याची किंमत एका भाषेला मोजावी लागली.

कॅसेट स्वस्त झाली तेव्हा पहिल्यांदाच अहिराणी गाणं विकत मिळू लागलं. तबकडीच्या काळात डमडमच्या कारखान्याला अहिराणीसाठी दाबयंत्र चालवणं कुठून परवडणार? पण कॅसेटला दोन टेप आणि एक खोली पुरत होती. कानबाईची गाणी, लग्नात हळदीला म्हणायची गाणी, एकवीरा देवीची, सासू-सुनेचे विनोदी संवाद, असं काय काय अमळनेरच्या यात्रेत, सारंगखेड्याच्या घोडेबाजारात, पाचकंदिलाजवळच्या हातगाड्यांवर मिळायचं. छपाई भडक, फीत हलकी, गायिकेचं नाव बहुधा नुसतं पहिलं, कधी तेही नाही. शेतात निंदायला जाणाऱ्या बायका ही गाणी ऐकताना थबकायच्या, कारण ती त्यांचीच होती.

आणि शिकलेल्या घरांत? "असल्या बाजारू कॅसेटी नकोत, क्वालिटी नसते." एका शाळेच्या स्नेहसंमेलनात मुलींनी बसवलेला अहिराणी नाच ऐन वेळी याच कारणाने रद्द झाला. कॅसेट खरखरते, असं सांगण्यात आलं. खरखरत होतीही. पण त्याच दिवशी त्याच टेपवर त्याहून जास्त खरखरणारं एक हिंदी गाणं वाजलं, ते चाललं. बहिणाबाईंच्या कविता १९५२ साली पुस्तकरूपाने आल्या, आचार्य अत्र्यांनी त्या उचलून धरल्या, तेव्हा असोद्याच्या त्या बाईची बोली आख्ख्या महाराष्ट्राने डोक्यावर घेतली. अत्र्यांचा छाप होता पाठीशी. हातगाडीवरच्या कॅसेटीतल्या बायकांना असा कोणी भेटला नाही.

आज काय दिसतं? एचएमव्हीची भारतातली कंपनी २००० सालापासून 'सारेगामा' झाली. तिने २०१७ साली जुन्या रेडिओच्या घाटाचं 'कारवां' काढलं, त्यात ५००० गाणी आयती भरलेली. माझ्या वयाच्या निम्म्या लोकांकडे ते मुलांनी भेट दिलेलं आहे, आणि छान आहे, मी नावं ठेवत नाही. तो खजिना जपला गेला कारण तो जपण्याजोगा आहे यावर सर्वांचं एकमत होतं. त्याच काळातल्या अहिराणी कॅसेटी भंगारवाल्याच्या गाडीतून गेल्या. हल्लीची अहिराणी गाणी मोबाइलवर गाजतात, पुण्या-मुंबईच्या लग्नांत 'हाई झुमकावाली पोर'वर नाचतात, ऐकून बरं वाटतं. पण १९८५ ते १९९५ मधली ती बेनामी गाणी, जी आज सत्तरी-ऐंशीत असलेल्या बायकांच्या तरुण आवाजात होती, ती कुठल्याच यंत्रात भरलेली नाहीत.

म्हणून नातेवाइकांना आणि इथे नेहमी येणाऱ्या मित्रांना एक काम सांगतो. शिरपूर, साक्री, पारोळा, चोपडा, जिथे कुठे तुमचं जुनं घर असेल तिथला माळा एकदा बघा. कॅसेट सापडली तर लगेच टेपमध्ये घालून वाजवू नका. फितीमागे नमद्याची एक छोटी गादी असते, ती वर्षांनी गळून पडते आणि फीत अडकते. बुरशीचे पांढरे ठिपके दिसले तर अजिबात हात लावू नका. पेन्सिल घालून हळूच अर्धा फेरा फिरवून बघा, सैल फिरत असेल तर कागदात गुंडाळून, स्पीकर किंवा चुंबक जवळ नसेल अशा जागी ठेवा. पाच स्क्रूंची असेल तर खोलून फीत दुसऱ्या चांगल्या डबीत बसवता येते, चिकटवलेली असेल तर जपून फोडावी लागते. तो दुरुस्तीवाला आता नाही, पण त्याच्या मुलाला हे जमतं आणि मशीन अजून चालू आहे. डबीवर कोणाचा छाप आहे ते मला कळवलं नाही तरी चालेल. गाणारी कोण, कोणत्या गावची, हे घरातल्या म्हाताऱ्या बाईला विचारून चिठ्ठीवर तेवढं लिहून ठेवा.