सीबीसी रिपोर्टमधला एएनसी म्हणजे काय? केमो सुरू असताना तो कसा बघायचा?

घरात कोणाची केमोथेरपी सुरू असेल तर सीबीसीचा रिपोर्ट बऱ्याचदा तुमच्याच मोबाईलवर पीडीएफ म्हणून येतो. त्यात आकडे भरपूर असतात. पण इन्फेक्शनशी लढायची ताकद किती उरलीये हे समजायला डॉक्टर एएनसी बघतात. एएनसी म्हणजे न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशींची प्रत्यक्ष संख्या.

मशीन मोजतं कसं?
पेशी बारीक छिद्रातून एकेक करून जातात. प्रत्येक पेशी जाताना विजेच्या प्रवाहाला क्षणभर अडथळा येतो, तो मोजला जातो. वॉलेस कोल्टर यांना या पद्धतीचं अमेरिकन पेटंट १९५३ मध्ये मिळालं. आताची बरीच मशीन्स लेझरने पेशीचा प्रकारही ओळखतात.

एएनसी कसा काढायचा?
एकूण पांढऱ्या पेशी × न्यूट्रोफिलची टक्केवारी ÷ १००

समजा पांढऱ्या पेशी २,४०० आणि न्यूट्रोफिल २० टक्के आहेत. एएनसी आला ४८०. बँड पेशी वेगळ्या दिल्या असतील तर त्यांची टक्केवारीही मिळवा. काही लॅब २,४०० ऐवजी २.४ लिहितात, म्हणून युनिट नक्की बघा.

आकडा काय सांगतो?
- १,५०० किंवा जास्त: साधारण नॉर्मल
- १,००० ते १,५००: थोडा कमी
- ५०० ते १,०००: इन्फेक्शनचा धोका वाढलेला
- ५०० पेक्षा कमी: धोका गंभीर

केमोची औषधं वेगाने वाढणाऱ्या पेशींवर मारा करतात, त्यात अस्थिमज्जेतल्या पेशीही सापडतात. त्यामुळे बऱ्याच औषधांमध्ये डोसनंतर ७ ते १४ दिवसांत एएनसी सर्वात खाली जातो.

ताप आला तर?
या दिवसांत १००.४ फॅरनहाइट किंवा जास्त ताप आला तर सकाळची वाट बघू नका. लगेच हॉस्पिटलला फोन करा, रात्र असली तरी. न विचारता पॅरासिटामॉल देऊ नका, ताप झाकला जातो. न्यूट्रोफिल कमी असताना पू किंवा सूज फारशी दिसत नाही, कधीकधी ताप हीच एकमेव खूण असते.

हेही लक्षात ठेवा
स्टेरॉइड किंवा पेशी वाढवणारं इंजेक्शन घेतलं असेल तर आकडा तात्पुरता वाढलेला दिसू शकतो. शिवाय एएनसी म्हणजे पूर्ण प्रतिकारशक्ती नव्हे. लिम्फोसाइट पेशींचं काम वेगळं असतं. हिशोब मोबाईलवर करा, पण पुढचा डोस द्यायचा की थांबायचं हे डॉक्टरच ठरवतील.