एका माकडाचे वजन : कोलेस्टेरॉलवरील औषधांच्या इतिहासातील एक प्रकरण

पन्नाशी ओलांडलेल्या माणसाच्या गोळ्यांच्या डबीत आज ॲटोरव्हास्टॅटिन किंवा रोझुव्हास्टॅटिन यांपैकी एखादे नाव सर्रास आढळते. या स्टॅटिन गटातील औषधांचा इतिहास लिहिणारे बहुतेक जण जपानी संशोधक अकिरा एंडो यांच्यापासून, म्हणजे १९७३ पासून सुरुवात करतात. ते चूक नाही. पण एंडो यांच्या औषधाच्या वाट्याला पुढे जे आले, त्याचा उलगडा तेवढ्याने होत नाही. त्यासाठी अमेरिकेतील सिनसिनाटी शहरातल्या एका प्रयोगशाळेत जावे लागते आणि तिथल्या एका माकडाचे वजन कागदावर कसे बदलले गेले, हे पाहावे लागते.

पार्श्वभूमी थोडक्यात सांगतो. अडोल्फ विंडाउस या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने १९१० साली रोगट धमन्यांत कोलेस्टेरॉल कितीतरी पटींनी जास्त असल्याचे दाखवले. १९१३ मध्ये सेंट पीटर्सबर्गच्या निकोलाय अनिच्कोव्ह यांनी सशांना कोलेस्टेरॉल खाऊ घालून त्यांच्या धमन्यांत तसाच रोग निर्माण केला. अमेरिकेतील फ्रेमिंगहॅम गावात १९४८ पासून हजारो रहिवाशांच्या हृदयाची पाहणी सुरू झाली आणि १९६० च्या सुमारास कोलेस्टेरॉलचा हृदयविकाराशी असलेला संबंध आकड्यांत दिसू लागला. उपचार मात्र तुटपुंजे होते. नायसिन या जीवनसत्त्वाच्या मोठ्या मात्रेने कोलेस्टेरॉल उतरते, हे कॅनडातील डॉक्टरांनी १९५५ मध्ये दाखवले होते. पण त्याने तोंड लालबुंद होऊन अंगाची आग होई. रोज एक साधी गोळी घ्यायची आणि कोलेस्टेरॉल उतरवायचे, असे औषध जो आणील त्याची चांदी होती.

ते औषध आणले सिनसिनाटीच्या विल्यम एस. मेरेल कंपनीने. रासायनिक नाव ट्रायपॅरॅनॉल, बाजारातले नाव एमईआर-२९. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने १९६० मध्ये त्याला परवानगी दिली आणि पुढच्या दोनेक वर्षांत सुमारे चार लाख लोकांनी ते घेतले.

या प्रकरणाचे तपशील न्यायालयीन निकालांत नोंदलेले आहेत. मी १९६७ चा कॅलिफोर्नियाच्या अपील न्यायालयाचा निकाल प्रथम वाचला, तेव्हा एखादी रहस्यकथा वाचतो आहोत असे वाटत राहिले. फरक इतकाच की यातले बळी खरे होते. कंपनीच्या पहिल्याच प्रयोगांत मोठी मात्रा दिलेल्या सगळ्या उंदरीण मेल्या होत्या. प्रशासनाकडे केलेल्या अर्जात मात्र एका प्रयोगातील आठ उंदरांपैकी चारच मेले असे लिहिले गेले, प्रत्यक्षात आठही मेले होते. माकडांवरच्या प्रयोगाची नोंद ब्यूला जॉर्डन नावाची प्रयोगशाळा-सहायक ठेवत असे. औषध दिलेले एक माकड आजारी पडले, त्याचे वजन घटत गेले. वरिष्ठांनी तिला सांगितले, हे माकड तक्त्यातून काढ आणि त्याच्या जागी औषध कधीच न दिलेल्या माकडाचे आकडे घाल. तिने हरकत घेतली, ती ऐकली गेली नाही, आणि काही काळाने तिने नोकरी सोडली.

इकडे गोळी घेणाऱ्यांचे केस गळू लागले, केसांचा रंग बदलला, कातडीला कोंडा सुटला. मग डोळ्यांत मोतीबिंदू दिसू लागले, तेही ज्यांचे वय मोतीबिंदूचे नव्हते अशांच्या. मर्क या दुसऱ्या औषध कंपनीने तुलनेसाठी एमईआर-२९ उंदरांना आणि कुत्र्यांना देऊन पाहिले होते. त्यांच्या डोळ्यांत पडदा आल्याची माहिती १९६१ च्या आरंभीच मेरेलपर्यंत पोहोचली होती. डॉक्टरांना इशाऱ्याचे पत्र गेले ते मात्र त्या वर्षाच्या डिसेंबरात. गोळी विकली जातच होती.

हा प्रकार बाहेर पडला तो कोणत्याही समितीमुळे नव्हे. ब्यूला जॉर्डनचा नवरा आणि प्रशासनाचे एक निरीक्षक थॉमस राइस कामावर जाताना एकाच मोटारीतून जात. गप्पांच्या ओघात बायकोने नोकरी का सोडली, ते नवऱ्याने सांगितले. राइस यांनी ते कानाआड केले नाही. एप्रिल १९६२ मध्ये निरीक्षकांनी कंपनीची दप्तरे तपासली आणि काही दिवसांतच औषध बाजारातून गेले. खटल्यात कंपन्यांना मिळून ८० हजार डॉलर दंड झाला. तीन शास्त्रज्ञांना सहा महिन्यांची परिवीक्षा, म्हणजे तुरुंगवास नाहीच. (अमेरिकेत थॅलिडोमाइडला परवानगी मागणारी कंपनी हीच. तो अर्ज फ्रान्सिस केल्सी यांनी अडवून धरला, म्हणून अमेरिकेतली असंख्य मुले वाचली.)

ट्रायपॅरॅनॉलची चूक केवळ लपवाछपवीची नव्हती, रसायनाचीही होती. आपले यकृत कोलेस्टेरॉल स्वतः तयार करते, आणि ते सुमारे तीस टप्प्यांत. ट्रायपॅरॅनॉल त्यातला अगदी शेवटचा टप्पा अडवी. पाटाच्या शेपटाला बांध घातला तर पाणी मागे तुंबून नको त्या शेतात शिरते, तसे इथे डेस्मोस्टेरॉल हे आधीच्या टप्प्यावरचे द्रव्य रक्तात आणि ऊतींत साठत गेले. बंद करायचे असेल तर वरचे दार बंद करायला हवे, हा धडा रसायनशास्त्रज्ञांनी घेतला. ते वरचे दार म्हणजे एचएमजी-कोए रिडक्टेज नावाचे एन्झाइम. तिथे अडवलेले द्रव्य पाण्यात विरघळते आणि शरीर त्याची दुसरी सोय लावू शकते.

एंडो यांनी नेमके तेच दार धरले. अकिता प्रांतातल्या शेतकरी घरातला हा माणूस, लहानपणापासून अळंबी आणि बुरशी यांचा नाद असलेला. सांक्यो कंपनीत त्यांनी आधी फळांचा रस निवळ करणारे एन्झाइम बुरशीतून शोधले होते. काही बुरशी आपल्या शत्रूंना मारण्यासाठी त्यांचे हेच एन्झाइम बंद पाडत असतील, असा त्यांचा तर्क. १९७१ पासून दोन वर्षांत त्यांनी सहा हजारांवर नमुने तपासले आणि क्योटोतल्या एका धान्य दुकानातील तांदळावर आलेल्या पेनिसिलियम सिट्रिनम या निळ्या-हिरव्या बुरशीत त्यांना हवे ते सापडले. तेच कॉम्पॅक्टिन. उंदरांत ते चालेना, तेव्हा कंपनीचा उत्साह मावळला. मग कोंबड्यांवर पाहिले, कारण अंडी देणाऱ्या कोंबडीत कोलेस्टेरॉल भरपूर. ते महिनाभरात जवळजवळ निम्म्यावर आले. १९७८ च्या सुरुवातीस ओसाकाचे डॉ. अकिरा यामामोतो यांनी आनुवंशिक अतिकोलेस्टेरॉल असलेल्या अठरा वर्षांच्या मुलीला ते दिले. तिचे स्नायू दुबळे झाले म्हणून मात्रा कमी करावी लागली. पण पुढच्या रुग्णांत कोलेस्टेरॉल चतुर्थांशाहून अधिक उतरले.

आणि १९८० च्या ऑगस्टमध्ये सांक्योने काम थांबवले. दोन वर्षे अतिशय मोठी मात्रा दिलेल्या कुत्र्यांच्या आतड्यांत लिम्फोमा, म्हणजे एक प्रकारचा कर्करोग दिसल्याचा संशय होता. ही मात्रा माणसाच्या मात्रेच्या कैक पट आहे आणि ते बदल कर्करोगाचे नाहीतच, असे एंडो यांचे म्हणणे होते. पण ते आधीच कंपनी सोडून विद्यापीठात गेले होते. मर्क कंपनीने दरम्यान ॲस्परजिलस टेरियस या बुरशीतून लोव्हास्टॅटिन मिळवले होते. सांक्योची बातमी कानी येताच त्यांनीही चाचण्या बंद केल्या.

सांक्योने त्या कुत्र्यांचे तपशील सविस्तर प्रसिद्ध केले नाहीत. इथे मला सिनसिनाटीचे माकड आठवते. एका ठिकाणी धोका दडवला गेला, दुसऱ्या ठिकाणी संशय. हेतूंत जमीन-अस्मानाचा फरक, आणि सांक्योला मेरेलच्या पंक्तीला बसवणे अन्यायाचे होईल. ट्रायपॅरॅनॉल आणि थॅलिडोमाइड पाहिलेल्या पिढीने संशय येताच हात आखडता घेतला, याचा मी दोष देणार नाही. मी दोष देतो तो कागद कपाटात ठेवल्याचा. ते पुढे ठेवले असते तर इतर तज्ज्ञांना ऊतींचे नमुने पाहून मत देता आले असते. दोन्ही वेळा जनावरांच्या नोंदी कंपनीच्या दारातून बाहेर आल्या नाहीत, आणि दोन्ही वेळा किंमत रुग्णांनी मोजली : पहिल्यांदा ज्यांनी गोळी घेतली त्यांनी, दुसऱ्यांदा ज्यांना ती मिळाली नाही त्यांनी. आनुवंशिक अतिकोलेस्टेरॉलच्या तीव्र प्रकारात शाळकरी वयातही हृदयविकाराचा झटका येतो. अशा घरांत चार-पाच वर्षे थोडी नसतात.

कोंडी फोडली ती डॉक्टरांनी. १९८२ मध्ये स्कॉट ग्रंडी, रॉजर इलिंगवर्थ आदींनी दुसऱ्या उपायांना दाद न देणाऱ्या रुग्णांसाठी लोव्हास्टॅटिन मागितले आणि परिणाम बघून मर्कने १९८४ मध्ये काम पुन्हा हाती घेतले. कुत्र्यांवर पुन्हा चाचण्या झाल्या. लिम्फोमा दिसला नाही. १९८७ मध्ये परवानगी मिळाली. ही गोळी आयुष्य वाढवते का, याचे खणखणीत उत्तर १९९४ च्या स्कँडिनेव्हियातील चाचणीत आले : हृदयविकार असलेल्या ४,४४४ रुग्णांत नुसती बिनऔषधी गोळी घेणाऱ्यांपैकी २५६ दगावले, सिमव्हास्टॅटिन घेणाऱ्यांपैकी १८२. एंडो यांना या व्यापारातून काही मिळाले नाही. २००८ मध्ये लास्कर पुरस्कार मिळाला, आणि जून २०२४ मध्ये ते गेले.

एमईआर-२९ ची सावली मात्र १९८७ च्या परवानगीवरही होती. लोव्हास्टॅटिनच्या चाचण्यांत रुग्णांच्या डोळ्यांची स्लिट लॅम्पखाली मुद्दाम तपासणी होई, आणि पहिल्या माहितीपत्रकात डॉक्टरांना दर वर्षी रुग्णाचे डोळे तपासून घेण्याची सूचना होती. मोतीबिंदूंचे प्रमाण वाढलेले दिसले नाही, तेव्हा काही वर्षांनी ती वगळण्यात आली.